पिकअपचे दिवे बदलताय? आधी या चुका टाळा

मागच्या पावसाळ्यात इंदूरच्या चोइथराम मंडीतून भाजी भरून रात्री धुळ्याकडे जाणारी एक पिकअप माझ्याकडे आली. गाडीवाला ओळखीतलाच, मराठी, तिसऱ्या पिढीचा इंदूरकर. म्हणाला, "दादा, चांगले महागातले एलईडी बल्ब टाकलेत. मंडीत लावले की दिवस उगवल्यासारखं वाटतं. पण मानपूरच्या घाटात पाऊस लागला की मला वळणच दिसत नाही. समोरचा प्रत्येक जण डिपर मारतो तो वेगळाच."

मी काही समजावत बसलो नाही. गाडी वर्कशॉपच्या मागच्या भिंतीपासून दहा मीटरवर उभी केली. डाव्या दिव्यात त्याचा एलईडी राहू दिला, उजव्यात साधा ६०/५५ वॅटचा हॅलोजन लावला (अपरला, म्हणजे लांबच्या झोताला ६०, डिपरला, म्हणजे जवळच्या झोताला ५५) आणि डिपरवर टाकून एकेक दिवा पुठ्ठ्याने झाकत गेलो. हॅलोजनचा झोत भिंतीवर सुरीने कापल्यासारखा पडला होता. रेघेच्या खाली उजेड, वर अंधार आणि डावीकडे रेघ जराशी वर चढलेली, म्हणजे रस्त्याच्या कडेने चालणारा माणूस दिसतो. एलईडीला रेघच नव्हती. पांढरा उजेड भिंत ओलांडून वरच्या पत्र्यापर्यंत गेलेला आणि खाली, जिथे रस्ता असायला हवा, तिथे काळपट डाग. "म्हणजे माझा उजेड झाडांवर पडतोय," तो म्हणाला. तेच होत होतं.

पिकअपवाल्यांचं दुखणं खरं असतं. बरीचशी गाडी रात्रीची चालते, माणूस एकटा, झोप अर्धवट, पाठीवर माल. त्याला जास्त उजेड हवासा वाटला तर त्यात काही चूक नाही. पण उजेड कुठे पडतो, तिथपर्यंत करंट कसा पोचतो, हे न बघता पैसे घातले तर दिवे भारी आणि रस्ता अंधारात, असं होतं.

हॅलोजनच्या दिव्यात एलईडी बल्ब

जुन्या पिकअपमध्ये बहुतेक एच-४ बल्ब असतो. एकाच काचेत दोन तारा, एक अपरची, एक डिपरची. डिपरच्या तारेखाली पत्र्याची बारीक वाटी असते. तारेचा खाली जाणारा उजेड ती अडवते, म्हणून रिफ्लेक्टरचा फक्त वरचा भाग उजळतो आणि झोत रस्त्याकडे वाकतो. रिफ्लेक्टरची सगळी घडण त्या तारेची जागा आणि जाडी धरून केलेली असते. एलईडीची चिप तारेपेक्षा रुंद असते, तिची जागा एखाद-दोन मिलिमीटरने जरी इकडेतिकडे झाली तरी झोत फुटतो. गाडीच्या नाकासमोरचे पाच-दहा मीटर मात्र झगझगीत दिसतात. त्याने डोळ्यांच्या बाहुल्या आकसतात आणि पुढचं लांबचं आणखी काळं वाटतं. पावसात तर हा वर उडालेला पांढरा उजेड थेंबांवरून परत आपल्याच डोळ्यांत येतो.

माझं मत स्पष्ट आहे: असे बल्ब काढा. चांगल्या कंपनीचा ६०/५५ लावा, नाहीतर तुमच्या मॉडेलसाठी गाडीच्या कंपनीनेच मंजूर केलेला पूर्ण दिवा घ्या. हॅलोजन लावताना काचेला बोट लावू नका. बोटाचं तेल तापून काचेवर डाग धरतं आणि बल्ब लवकर जातो. चुकून लागलंच तर स्पिरिटने पुसा.

मोठा वॅट, जुनी वायर

दुसरा लाडका उपाय म्हणजे १००/९० चा बल्ब. हिशेब करून बघा. पिकअपची यंत्रणा १२ व्होल्टची. डिपरवर ५५ चे दोन बल्ब म्हणजे ११० वॅट, साधारण ९ अँपिअर. ९० चे दोन म्हणजे १८० वॅट, १५ अँपिअर. वायरीतली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे तीच वायर अडीच पटीहून जास्त तापणार. कंपनीने ती वायर आणि स्टिअरिंगखालचा स्विच या कामासाठी दिलेलाच नाही.

कामाला लागलो त्या पहिल्या वर्षी मी शेजारच्या काकांच्या गाडीत असेच बल्ब टाकून दिले, रिले न लावता. रिले म्हणजे थोड्या करंटवर चालणारा आणि दिव्याचा मोठा करंट थेट बॅटरीवरून देणारा स्विच. चौथ्या रात्री खंडवा रोडच्या घाटात त्यांचा स्विच वितळला आणि दोन्ही दिवे एकदम गेले. पार्किंगच्या उजेडात, क्लीनर पुढे टॉर्च घेऊन चालतोय, अशी गाडी त्यांनी खाली आणली. सकाळी तो स्विच त्यांनी माझ्या हातात ठेवला, तपकिरी पडलेला, जळक्या प्लास्टिकचा वास येणारा. एक शब्द बोलले नाहीत. तेव्हापासून मी कुठल्याही दिव्याला हात लावण्याआधी व्होल्ट मोजायचा मीटर लावतो.

तुम्हीही लावा. इंजिन चालू, डिपर चालू. आधी बॅटरीच्या टर्मिनलवर व्होल्ट बघा, चौदाच्या आसपास मिळतील. मग बल्बच्या कप्लरवर, म्हणजे बल्बमागच्या वायरीच्या प्लगवर, बल्ब जोडलेला ठेवून, मागून मीटरच्या सुया घालून मोजा. तिथे साडेबारा किंवा त्याहून कमी मिळाले, तर दोष बल्बचा नाही, वाटेतल्या वायरीचा, स्विचचा किंवा अर्थिंगचा, म्हणजे करंट पत्र्यातून परत जाण्याच्या जोडाचा आहे. हॅलोजनला व्होल्टेज दहा टक्के कमी मिळालं तर उजेड जवळजवळ तीस टक्के कमी होतो. म्हणजे पुष्कळ गाड्यांत गेलेला उजेड साध्या बल्बमधूनच परत मिळतो.

त्यासाठी रिले लागतो. बॅटरीच्या प्लसवरून फ्यूज घेऊन वायर रिलेच्या ३० नंबरवर, ८७ वरून बल्बला. ८५ आणि ८६ पैकी एकावर दिव्याची जुनी वायर, दुसऱ्यावर अर्थ. अपरला वेगळा रिले, डिपरला वेगळा. वायर अडीच चौरस मिलिमीटरची. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात हवा. तो पुढे दिव्यापाशी लावला आणि मध्येच वायर घासून पत्र्याला लागली, तर फ्यूज उडणार नाही, वायर पेटेल. नव्या गाड्यांत दिवे कंट्रोल युनिटवरून चालतात. तिथे वायर कापून प्रयोग करू नका, त्या गाडीचं काम जाणणाऱ्याकडेच जा.

एक आणखी. देवास नाक्याकडे ट्रकचं सामान विकणारी दुकानं भरपूर. ट्रकचे दिवे २४ व्होल्टचे असतात. तो बल्ब पिकअपला लावला की लालसर, मरगळलेला जळतो आणि माणूस आठवडाभर वायरिंग शोधत बसतो. घेताना बल्बच्या बुडावरचा आकडा वाचा.

रिकाम्या गाडीवर लेव्हल

ही चूक मला सगळ्यांत जास्त सलते, कारण ती फुकटात टळते. गाडी रिकामी असताना दिव्याची लेव्हल, म्हणजे झोताची उंची, करून घेतात आणि रात्री दीड टन माल भरून निघतात. मागचे पाटे बसतात, नाक वर होतं.

समजा मागची बाजू फक्त पाच सेंटिमीटर बसली आणि पुढच्या-मागच्या चाकांत तीन मीटर अंतर आहे. झोत दर दहा मीटरला जवळजवळ सतरा सेंटिमीटर वर उचलला जातो. डिपरचा झोत मुळात दहा मीटरला साधारण दहा सेंटिमीटर खाली जायला हवा. तो आता उलट वर निघाला. पन्नास मीटरवर तो दिव्याच्या उंचीपेक्षा तेहेतीस सेंटिमीटर वर असेल, म्हणजे समोरून येणाऱ्या कारवाल्याच्या थेट डोळ्यांत. त्याची चूक काय? आणि तो क्षणभर आंधळा झाला तर तुमच्याच अंगावर येणार.

म्हणून नेहमीचा माल भरून, चाकांत नेहमीची हवा ठेवून, सपाट जागी, दहा मीटरवरच्या भिंतीसमोर लेव्हल करा. दिव्याच्या मधल्या बिंदूची जमिनीपासून उंची मोजा, भिंतीवर त्यापेक्षा दहा सेंटिमीटर खाली खडूची आडवी रेघ मारा, डिपरच्या झोताची वरची कड त्या रेघेवर आणा. गाडीच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तोच धरा. डॅशबोर्डवर ० ते ३ आकड्यांची लेव्हलची चकती असेल, तर रिकाम्या गाडीला ० वर लेव्हल करा आणि माल भरला की चकती फिरवा. ती चकती कधी फिरवलीच नाही असे कितीतरी ड्रायव्हर भेटतात.

काच पिवळी पडली असेल तर मात्र आधी ती घासून घ्या, नंतर लेव्हल. ८०० पासून ३००० नंबरपर्यंतचा पाणकागद, मग पॉलिश, मग यूव्ही कोटिंग. टूथपेस्टने चार दिवस बरं दिसतं, इतकंच.

मागची बाजू

समोरच्यावर हजारो खर्च आणि मागे एक दिवा बंद, हे रोजचं दृश्य. मागून येणाऱ्या ट्रकला तुमची गाडी दिसणं हे तुम्हाला रस्ता दिसण्याइतकंच महत्त्वाचं. टेल लाइटवर काळी फिल्म लावू नका. दिसायला रुबाबदार, पण रात्री ब्रेकचा लाल उजेड मागच्याला उशिरा कळतो.

इंडिकेटरला एलईडी टाकला आणि तो टकटकटक जलद मारू लागला, तर बिघाड नाही. एलईडी करंट कमी घेतो, फ्लॅशरला, म्हणजे इंडिकेटर लुकलुकवणाऱ्या डबीला, वाटतं बल्ब उडाला. सोपा इलाज म्हणजे एलईडीचा फ्लॅशर. त्याऐवजी बल्बइतका करंट ओढणारा रेझिस्टर लावायचा असेल तर तो उघड्या पत्र्यावर स्क्रूने बसवा. तो इतका तापतो की प्लास्टिकच्या दिव्याला चिकटवला तर भोक पाडतो.

ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतो, किंवा इंडिकेटर दिला की टेल लाइट त्याच्या तालावर मंद होते, असं झालं तर अर्थिंग बघा. शंभरातल्या नव्वद वेळा असं म्हणायला माझ्याकडे मोजदाद नाही, पण मी पहिला पाना तिथेच लावतो. हौद्याखाली चिखल आणि भाजीचं पाणी पडून अर्थचा स्क्रू गंजतो. परतीची वाट बंद झाली की करंट दुसऱ्या बल्बमधून वाट काढतो. जागा घासून चकचकीत करा, स्क्रू घट्ट करा, वर ग्रीस लावा.

जोड टेपने गुंडाळू नका. आपल्याकडच्या मे महिन्यात टेपचा डिंक वितळतो, पावसाळ्यात आत पाणी शिरतं. सोल्डर आणि हीट श्रिंक स्लीव्ह (तापवली की आवळणारी नळी) वापरा. पत्र्यातून वायर जाते तिथे रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या कडेची कडी, हवाच. आणि दिव्यात वाफ धरते म्हणून सगळीकडून सिलिकॉन थापू नका. श्वास घ्यायची नळी बुजली की आतलं पाणी आतच राहतं.

कायद्याची बाजू

टपावरचा लाइट बार, बंपरवरची फ्लड, लाल-निळ्या झगमग पट्ट्या, हे काम मी करत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ बनावटीत परस्पर बदल करता येत नाही, सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर असा बदल करणाऱ्या मालकाला दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. १९८९ च्या केंद्रीय नियमांत पुढच्या बाजूला सर्चलाइट लावायला मनाई आहे आणि मागच्या दिव्याचा लाल रंग पुढे दाखवता येत नाही. अपघात झाला तर विमा कंपनीलाही बोट ठेवायला जागा मिळते. त्या पैशात नियमातल्या चमकत्या पट्ट्या नीट लावा, पुढे पांढरी, बाजूंना पिवळी, मागे लाल. करंट जात नाही, वायर जळत नाही, बिघडलेली गाडी बायपासवर उभी असली तरी दुरून दिसते.

त्या धुळेवाल्याचं काम शेवटी दोन साधे बल्ब, दोन रिले, नवा अर्थ आणि भरल्या गाडीवरची लेव्हल एवढ्यात झालं. निघताना त्याला एक सवय सांगितली. मंडीत माल भरून झाला की गाडी भिंतीला पाठ करून घे, आरशात बघत ब्रेक दाब, मग दोन्ही इंडिकेटर दे. भिंतीवर दोन्ही बाजूंना सारखाच लाल पडला, तर निघ.