जुन्या कझानचं चित्र: अस्सल की नक्कल?

जर्मन प्रवासी आदाम ओलेआरिउसच्या सतराव्या शतकातल्या प्रवासवर्णनातली कझान, आस्त्राखान अशा रशियातल्या व्होल्गा नदीकाठच्या शहरांची चित्रं ऑनलाइन विकायला येतात, पण त्यांत नव्या छपाईच्या प्रतीही मिसळलेल्या असतात. पैसे देण्याआधी विक्रेत्याकडून हे फोटो मागवा:

१. नदी किंवा आकाशाचा, भिंगातून. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली रेघ सलग आणि काळीभोर दिसते. ठिपक्यांची जाळी दिसली की ती नवी छपाई, विषय संपला.
२. कागद उजेडासमोर धरून. तेव्हाच्या हातकागदात समांतर रेषा दिसतात.
३. तिरप्या उजेडात कडांचा. पत्र्याच्या दाबाची चौकट उमटलेली असते.

मात्र ही चौकट नकलेतही मुद्दाम उठवता येते, आणि कडा कापलेल्या अस्सल प्रतीत ती नसतेच. भरवसा पहिल्या फोटोवर ठेवा. रंगांना भुलू नका, ते बऱ्याचदा नंतर भरलेले असतात.