जुन्या गेमला रे ट्रेसिंगचा उजेड देताना या चुका टाळा

1997 साली आलेल्या ‘क्वेक 2’ या गेममध्ये भिंतीवर दिसणारा नारिंगी उजेड खेळताना मोजला जात नसे. लेव्हल तयार करतानाच त्याचं गणित उरकायचं आणि उत्तर लाइटमॅप नावाच्या छोट्या चित्रांत साठवून ठेवायचं, अशी रीत होती. जून 2019 मध्ये ‘क्वेक 2 आरटीएक्स’ आला आणि रे ट्रेसिंगमुळे, म्हणजे प्रकाशकिरणांचा माग काढून उजेड मोजण्याच्या पद्धतीमुळे, त्याच भिंती दर फ्रेमला नव्याने उजळू लागल्या. जानेवारी 2024 मध्ये जुन्या गेमना रे ट्रेसिंग देणाऱ्या एनव्हिडियाच्या ‘आरटीएक्स रीमिक्स’ या टूलचा ओपन बीटा खुला झाला, आणि हे काम घरी बसून करणाऱ्यांची संख्या वाढली.

यातल्या बऱ्याच प्रयत्नांत त्याच त्या चुका दिसतात, आणि बहुतेकींचं मूळ एकच आहे. जुन्या गेममधला उजेड हा कुणीतरी विचार करून घेतलेला निर्णय असतो. तो नीट वाचण्याआधीच आपण पुसून टाकतो.

गेम आवडतो म्हणून निवडला

रीमिक्स जुन्या गेमने ग्राफिक्स कार्डाला दिलेले आदेश मधेच पकडतं आणि त्यांतून सीन पुन्हा उभा करतं. डायरेक्टएक्स या ग्राफिक्स प्रणालीच्या 8 आणि 9 या आवृत्त्यांच्या काळातल्या फिक्स्ड-फंक्शन पद्धतीच्या गेममध्ये हे जमतं, कारण तिथे कॅमेरा, मॉडेल, दिवे सगळं ठरलेल्या साच्यात सांगितलेलं असतं. 2022 मध्ये रीमिक्सची घोषणा झाली तेव्हा 2002 चा ‘मोरोविंड’ दाखवला होता, तो याच पिढीतला. गेम स्वतःचे शेडर (चित्र काढणारे छोटे प्रोग्रॅम) वापरत असेल, तर मेनू उघडतो, पण जग जागेवर दिसत नाही किंवा मॉडेल कॅमेऱ्याला चिकटल्यासारखी फिरतात. अशा गेमवर आठवडे घालवण्याआधी एका तासात ही तपासणी करून घ्या.

गेमचा सोर्स कोड खुला असेल, तर दुसरी वाट आहे: इंजिनातच नवा रेंडरर, म्हणजे चित्र काढणारा भाग, लिहायचा. ‘क्वेक 2’चा कोड डिसेंबर 2001 मध्ये जीपीएल या मुक्त परवान्याखाली खुला झाला होता, म्हणूनच ‘क्यू2व्हीकेपीटी’ हा संशोधन प्रकल्प शक्य झाला. ‘क्वेक 2 आरटीएक्स’ त्याच्याच पायावर उभा आहे.

रीमिक्स पहिल्यांदा सुरू केल्यावर पडदा काळा दिसला किंवा हेल्थचे आकडे हवेत तरंगताना दिसले, तर घाबरू नका. यूआयची (पडद्यावरचे आकडे, मेनू) आणि आकाशाची टेक्स्चर, म्हणजे वस्तूंवर चिकटवलेली चित्रं, कोणती हे टूलला सांगायचं राहिलेलं असतं. ऑल्ट आणि एक्स दाबून मेनू उघडा आणि ती टेक्स्चर निवडून खूण करा.

सावलीवर सावली

ही चूक सर्वात महागात पडते. जुन्या गेमचे कलाकार टेक्स्चरमध्येच उजेड रंगवायचे. विटेची वरची कड उजळ, खालची कड गडद, खिळ्याशेजारी इवलीशी सावली. 64 किंवा 128 पिक्सेलमध्ये उंचसखलपणा दाखवायचा तर दुसरा उपायच नव्हता. आता त्याच भिंतीखाली मशाल ठेवा. खरा उजेड खालून येतो, पण रंगवलेली सावली विटेच्या खालच्याच कडेला बसून राहते. डोळ्याला काहीतरी खटकतं, पण काय ते पटकन कळत नाही.

यावर एआयने टेक्स्चर मोठं केलं की दुखणं वाढतं. मशीनला सावली आणि भेग यांतला फरक कळत नाही. ते सावलीलाच धार लावतं आणि ती कायमची भेग होऊन बसते.

उपाय कष्टाचा आहे, पण तोच खरा आहे. अल्बेडोत, म्हणजे मूळ रंगाच्या टेक्स्चरमध्ये, फक्त वस्तूचा रंग ठेवा. रंगवलेला उजेड आणि सावली हाताने पुसा, आणि त्यातून कळणारा उंचसखलपणा हाइट मॅप (उंची साठवणारं चित्र) आणि नॉर्मल मॅपमध्ये (पृष्ठभागाची दिशा साठवणारं चित्र) न्या. अल्बेडोच्या मर्यादाही पाळा. कोळसा साधारण 4 टक्के प्रकाश परत फेकतो, ताजा बर्फ 80 ते 90 टक्के. भिंतीला जवळजवळ पांढरा अल्बेडो दिला, तर प्रकाश खोलीत उसळत राहतो आणि सगळं दुधाळ होतं. इंजिनातून काम करत असाल, तर मूळ लाइटमॅप टेक्स्चरशी अजून गुणला जात नाही ना, हेही पाहा. तो राहिला की खोलीला दोनदा उजेड मिळतो.

दोन छोट्या गोष्टी इथेच. फुगवटे खड्ड्यांसारखे दिसत असतील, तर नॉर्मल मॅपचा हिरवा चॅनेल उलटा करा. ओपनजीएल आणि डायरेक्टएक्स या दोन ग्राफिक्स प्रणालींची पद्धत तिथे वेगळी आहे. सगळंच गरजेपेक्षा चकचकीत दिसत असेल, तर रफनेस मॅप (खडबडीतपणाचे आकडे साठवणारं चित्र) साधं एसआरजीबी रंगचित्र म्हणून वाचला जातोय का ते तपासा. तसं झालं की 0.5 चा आकडा 0.21 च्या आसपास येतो आणि खडबडीत दगड ओला दिसतो.

खोली अंधारली, मग दिवा वाढवला

निसर्गात अंतर दुप्पट झालं की उजेड एक चतुर्थांश होतो. जुन्या गेमने हा नियम पाळलाच पाहिजे असं नव्हतं. पहिल्या ‘क्वेक’मध्ये दिव्याच्या तीव्रतेचा डिफॉल्ट आकडा 300 होता आणि उजेड सरळ रेषेत कमी होत जाऊन 300 युनिटवर शून्य होई. त्याच जागी खरा दिवा ठेवला, तर जवळची भिंत जळते आणि कोपरा काळाच राहतो. मग आपण दिवा आणखी वाढवतो, आणि भिंत आणखी जळते.

त्याहून मोठी अडचण म्हणजे अनेक खोल्यांत उजेडाला दिसणारा उगमच नव्हता. डिझायनरने अदृश्य दिवा ठेवून दार, दारूगोळा किंवा पुढची वाट उजळवलेली असे. आपण ‘हा दिवा खोटा’ म्हणून काढतो आणि खेळाडूची वाटच काढून टाकतो.

मी हे काम असं करतो. मूळ गेममध्ये प्रत्येक खोलीच्या दारात उभं राहून स्क्रीनशॉट घ्यायचा, तो कृष्णधवल करायचा आणि डोळे बारीक करून पाहायचा. नजर आधी कुठे जाते, मग कुठे, हे टिपून ठेवायचं. नव्या उजेडात त्याच जागेवरून नजर त्याच क्रमाने जायला हवी. अदृश्य दिव्याला एखादं कारण द्या: छताला फट, भिंतीवर पॅनेल, किंवा मोठा पण मंद एरिया लाइट. आणि हे करताना ऑटो एक्स्पोजर बंद ठेवा. ते चालू असेल, तर तुम्ही दिवा कमी करता आणि कॅमेरा तो गुपचूप भरून काढतो. पडद्यावर काय बदललं ते कळतच नाही.

मान वळवली की उजेड बदलतो

जुना गेम खेळाडूच्या पाठीमागची खोली रेखाटतच नाही, कारण तेवढं काम वाचवणं तेव्हा गरजेचं होतं. पण रे ट्रेसिंगला पाठीमागची भिंतही लागते. ती नसेल तर आकाशाचा उजेड आत शिरतो, आरशात पोकळी दिसते, सावल्या अचानक गायब होतात. रीमिक्समध्ये ही गाळणी (कलिंग) रोखणाऱ्या अँटी-कलिंगच्या सेटिंग आहेत, त्या आधी वापरून पाहा. गेमच्या कन्सोलमधून कलिंग बंद करता येत असेल तर अधिक चांगलं.

तुम्ही बसवलेलं मॉडेल किंवा दिवाच मधेमधे नाहीसा होत असेल, तर कारण वेगळं असतं. टूल वस्तूला तिच्या हॅशवरून, म्हणजे तिच्या डेटावरून काढलेल्या ओळख-क्रमांकावरून, ओळखतं. गेमने मॉडेलची जुळणी बदलली की हॅश बदलतो आणि ओळख तुटते. दिवा अशा वस्तूला बांधा जी प्रत्येक वेळी तशीच रेखाटली जाते. भिंतीच्या सांध्यातून उजेड झिरपत असेल, तर ती भिंत कागदासारखी, जाडी नसलेली आहे; बाहेरून उजेड अडवणारा ठोकळा लावा.

मुंग्या आणि भुतं

चित्रात मुंग्या, म्हणजे नॉइजचे ठिपके, वळवळताना दिसल्या की सँपल (दर पिक्सेलला सोडलेले किरण) वाढवावेसे वाटतात. पण मुंग्या निम्म्या करायला सँपल चौपट लागतात, आणि सेकंदाला 60 फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमला जेमतेम 16.6 मिलिसेकंद मिळतात. आधी डिनॉयझर (या मुंग्या पुसणारा फिल्टर) बंद करून कच्चं चित्र पाहा. सुईएवढ्या, भगभगीत चमकणाऱ्या टेक्स्चरमुळे ठिणग्या उडतात. उजेडाची जागा मोठी आणि तीव्रता कमी केली, किंवा तिथे खराच दिवा ठेवला, की बरंच शांत होतं. चालत्या पात्रामागे शेपूट दिसत असेल, तर गेमकडून हालचालीची माहिती बरोबर मिळतेय का ते पाहा. डिनॉयझरची सेटिंग त्यानंतर.

आणि प्रत्येक फरशी आरशासारखी करू नका. प्रतिबिंबं स्क्रीनशॉटमध्ये छान दिसतात, पण धुळीने भरलेल्या तळघराचा स्वभाव त्यात मरतो.

वाटताना फक्त स्वतः बनवलेल्या वस्तू वाटा. मूळ गेमच्या फाइल नाहीत. ‘क्वेक 2 आरटीएक्स’मध्येही शेअरवेअरमधल्या (मोफत नमुना आवृत्तीतल्या) पहिल्या तीन लेव्हल मोफत मिळतात, पुढच्यांसाठी मूळ गेम विकत घ्यावा लागतो. प्रकाशित करण्याआधी मूळ गेम तोंडपाठ असलेल्या एखाद्याला, काही न सांगता, खेळायला बसवा. तो जिथे दार शोधत थांबेल, त्या खोलीचा जुना लाइटमॅप पुन्हा उघडा.