वादळ विदर्भात शिरलं की गावच्या ग्रुपवर अपडेट कसे टाकायचे

चक्रीवादळ म्हटलं की आपल्याकडचे लोक म्हणतात, ते आंध्रात, ओडिशात, आपल्याला काय त्याचं. पण बंगालच्या उपसागरातलं वादळ आंध्राच्या किनाऱ्यावर चढलं की त्याचं उरलेलं पाणी कित्येकदा आपल्याच वावरात येऊन पडते. २६ सप्टेंबर २०२१ च्या रात्री गुलाब वादळ कलिंगपट्टणमजवळ जमिनीवर आलं आणि २८ तारखेला इकडे यवतमाळ जिल्ह्यात उमरखेडजवळ दहागावच्या नाल्यावर एसटी वाहून गेली, माणसं गेली. २८ ऑक्टोबर २०२५ च्या रात्री मोंथा आंध्रात धडकलं, आणि त्याच्या मागून पूर्व विदर्भात पाऊस आला तेव्हा धान कापणीवर होता, कुठं कुठं तर कडपा, म्हणजे कापलेल्या धानाच्या पेंढ्या, बांधीतच पसरून होत्या.

म्हणजे किनाऱ्यावर वादळ आदळल्यापासून आपल्याकडे पाणी येईपर्यंत मधात साधारण एक-दोन दिवस मिळतात. तेवढ्यात गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपची नीट मांडणी केली तर त्याच ग्रुपवरून ढोरं वाचतात, माणसं वाचतात, आणि नाही केली तर रात्रभर लोक दुसऱ्याच राज्यातले व्हिडिओ पाहत बसतात अन् आपल्या नाल्याला किती पाणी आहे हे कोणालाच माहीत नसते. म्हणून हे लिहून राहिलो.

आधी एक समजून घ्या

टीव्हीवर सांगतात "वादळ कमजोर झालं" आणि लोक निवांत झोपतात. हवामान खातं वाऱ्याच्या वेगावरून नाव देते. ताशी ६२ किलोमीटर किंवा जास्त असलं तर चक्रीवादळ, ५१ ते ६१ असलं तर डीप डिप्रेशन, ३१ ते ५० असलं तर डिप्रेशन. जमिनीवर आल्यावर समुद्राची वाफ मिळणं बंद होते, म्हणून वारा पडतो. पण जी वाफ आधीच वर भरलेली आहे ती कुठं जाईल? ती पावसाच्या रूपानं खाली येतेच, आणि सिस्टीम हळू सरकत असली तर एकाच पट्ट्यात तासनतास कोसळत राहते. त्यामुळे "कमजोर झालं" हा मेसेज आला की ग्रुपवर लगेच खाली लिहा, वारा कमी झाला, पावसाचा धोका आहेच. कोणी तरी एकानं हे लिहायची जबाबदारीच घ्यावी.

डोळे कुठं कुठं पाहिजेत

गावचा मोठा ग्रुप असते त्यात वाढदिवस, सोयाबीनचे भाव, लग्नाच्या पत्रिका सगळंच असते. त्या गर्दीत अपडेट टाकू नका, हरवते. वेगळा ग्रुप काढा आणि सेटिंगमधे जाऊन मेसेज फक्त ॲडमिन टाकू शकतील असं करून ठेवा, मग ज्यांच्या डोळ्यावर भरवसा आहे अशा आठ-दहा लोकांना ॲडमिन बनवा, बाकी गाव नुसतं वाचेल, ज्याला काही सांगायचं आहे तो या आठ-दहापैकी कोणालाही फोन करेल.

हे लोक निवडताना हुद्दा पाहू नका, घर कुठं आहे ते पाहा. रपट्याजवळ, म्हणजे नाल्यावरच्या ठेंगण्या पुलाजवळ, ज्याचं घर आहे तो. नदीकाठच्या शेवटच्या गल्लीतली ताई. विजेच्या डीपीच्या (ट्रान्सफॉर्मरच्या) समोर राहणारा. पहाटे पाच वाजता दूध घेऊन तालुक्याला जाणारा, कारण रस्ता चालू आहे की बंद हे सगळ्यात आधी त्यालाच कळते. पोलीस पाटील आणि आशाताई तर पाहिजेतच, आशाताईला माहीत असते कोणत्या घरी दिवस भरलेली बाई आहे, कोण अंथरुणावर आहे, कोणाला डायलिसिसला जावं लागते.

आणि आता सगळ्यात कामाची गोष्ट, जी बहुतेक गावं करत नाहीत. तुमच्या नाल्याच्या किंवा नदीच्या वरच्या अंगाला जे गाव आहे तिथला एक माणूस तुमच्या ग्रुपमधे घ्या, आणि तुमचा एक माणूस खालच्या गावाच्या ग्रुपमधे टाका. पूर वरून खाली येतो, बातमी पण वरून खालीच यायला पाहिजे. ऑगस्ट २०२० च्या शेवटी वैनगंगेला जो महापूर आला त्याचं बरंचसं पाणी मध्य प्रदेशातल्या सिवनी जिल्ह्यातल्या संजय सरोवरातून आलेलं होतं. भंडाऱ्यात ढगफुटी झालेली नव्हती, तरी शहरात पाणी शिरलं. आपल्या गावावर ऊन पडलं आहे म्हणून पूर येणार नाही हे खरं नाही. वर्धा, पैनगंगा, वैनगंगा, प्राणहिता, कोणत्याही काठावर असा, वरच्या दोन-तीन गावचे नंबर आजच घेऊन ठेवा, पाऊस लागल्यावर कोण फोन उचलते.

मेसेज कसा लिहायचा

"नाल्याला खूप पाणी आहे सगळ्यांनी काळजी घ्या." हा मेसेज काही कामाचा नाही. कोणता नाला? कधी पाहिलं? तुम्ही पाहिलं की कोणी सांगितलं? हाच मेसेज तीन तासांनी कोणी दुसऱ्या ग्रुपवर ढकलला तर तिथं लोक घाबरतील आणि इथं तोपर्यंत पाणी उतरलेलं असेल.

चार गोष्टी पाहिजेत, वेळ, जागा, काय पाहिलं, आणि स्वतः पाहिलं का. वेळ मेसेजच्या आतमधे टाइप करायची, कारण फॉरवर्ड केल्यावर मूळची वेळ दिसत नाही. असं:

"रात्री ९.४०. शाळेमागचा रपटा. पाणी रपट्यावरून वाहून राहिलं, खांबाच्या दुसऱ्या पट्ट्याला लागलं. ९ वाजता पहिल्या पट्ट्याला होतं. मी स्वतः घराच्या गच्चीवरून टॉर्चनं पाहिलं. रस्ता बंद समजा."

यात किती आहे ते पाहा. पाणी किती आहे ते आलं, किती जोरानं चढून राहिलं ते पण आलं. वरच्या गावचा माणूस वाचून सांगू शकते की त्याच्याकडे अजून चढतच आहे की थांबलं.

खांबाचे पट्टे म्हणजे काय, तर पाऊस यायच्या आधी एक डबा ऑइल पेंट घ्या आणि रपट्याजवळच्या दगडी खांबावर किंवा पुलाच्या भिंतीवर वीतभर अंतरानं पट्टे मारून टाका, खालून एक, दोन, तीन असे आकडे लिहा. विजेच्या खांबाला हात लावू नका. आकडे घराच्या गच्चीवरून टॉर्चनं दिसतील एवढे मोठे काढा. मग "गुडघ्याएवढं", "कंबरेएवढं" करत बसायची गरज राहत नाही, एकाची कंबर दुसऱ्याची छाती असते.

ऐकीव असेल तर ऐकीव लिहा. "१०.१५. अमक्यानं फोनवर सांगितलं, मी पाहिलं नाही." यात कमीपणा काही नाही. आणि परिस्थिती बदलली की आधीच्या मेसेजला रिप्लाय करून नवीन टाका म्हणजे दोन्ही सोबत दिसतील, पाणी उतरलं तर उतरलं म्हणून पण सांगा, लोक हेच सांगायचं विसरतात आणि मग दवाखान्यात जायला रस्ता असूनही कोणी निघत नाही. चूक निघाली तर मेसेज नुसता डिलीट करू नका, ज्यांनी वाचला त्यांच्या डोक्यात तो राहतेच, खाली लिहा की वरचं चुकीचं होतं, बरोबर हे आहे.

ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी तोच मेसेज वीस सेकंदाच्या व्हॉइसमधे पण टाका. गडचिरोलीकडे असाल तर माडियात, गोंडीत बोलून टाका, आजीला मराठीतला लांबलचक मेसेज ऐकवून काय उपयोग.

पाऊस मोजा, अंदाजे सांगू नका

उभ्या सरळ भिंतीचा डबा घ्या, वर-खाली सारख्या रुंदीचा, स्टीलचा डबा चालते. बादली नको, ती वर पसरट असते. मोकळ्या अंगणात ठेवा, झाडाखाली किंवा पाघोळीखाली नाही. पट्टीनं पाणी मोजा, जेवढे मिलिमीटर पाणी तेवढे मिलिमीटर पाऊस, दुसरा हिशोब नाही. हवामान खात्याचा दिवस सकाळी साडेआठ ते साडेआठ धरतात, तुम्ही पण तोच धरा. चोवीस तासात ६४.५ मिलिमीटरच्या वर गेला की खातं त्याला जोरदार म्हणते, ११५.६ पासून अति जोरदार, २०४.४ च्या वर अत्यंत जोरदार. महसूलवाले मंडळात (काही गावं मिळून एक महसूल मंडळ असते) ६५ मिलिमीटर झाले की अतिवृष्टी धरतात. मंडळाचं यंत्र तुमच्या गावापासून लांब असू शकते, तुमच्या डब्याचा आकडा सरकारी नाही, पण तलाठ्याला सांगायला तारखेवार लिहिलेला कागद हातात असला की बोलणं वेगळं होते.

सरकारी माहिती घ्यायची कुठून

नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचे जिल्हावार इशारे येतात, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हालचाल करा. शिवाय नाऊकास्ट येते, ते पुढच्या तीन तासापुरतंच असते, म्हणून दुपारचं नाऊकास्ट रात्री फॉरवर्ड करू नका. विजेसाठी दामिनी ॲप ठेवा, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं बनवलं आहे, आसपास वीज पडून राहिली की दाखवते. वावरात काम करणाऱ्याला फोन करून सांगा, तो ॲप पाहत बसणार नाही.

धरणाच्या मेसेजमधे लय घोळ होते. गोसीखुर्दला ३३ दारं आहेत, "सगळी दारं उघडली" म्हटलं की लोकांना वाटते संपलं आता. अर्धा मीटर उघडली की दोन मीटर उघडली त्यावर सगळं आहे, म्हणून विसर्गाचा आकडा पाहा आणि एकक पाहा. क्युमेक वेगळं, क्युसेक वेगळं. एक क्युमेक म्हणजे सेकंदाला हजार लिटर, आणि तो जवळजवळ ३५ क्युसेक होतो. ५,००० क्युमेकच्या जागी ५,००० क्युसेक लिहून गेलं तर खालच्या गावाला पाणी पस्तीसपट कमी वाटेल. आकडा जसा आला तसाच टाका, स्वतः बदलू नका, अन् प्रेसनोटचा फोटो असेल तर तारखेसकट टाका.

काय टाकायचं नाही

जुने व्हिडिओ. प्रत्येक पावसात तोच पूल दरवेळी वेगळ्या नावानं वाहून जाते. व्हिडिओवर दुहेरी बाणाची खूण आणि "अनेक वेळा फॉरवर्ड" दिसलं तर तो ग्रुपवर नको. ज्याला टाकायचा आहे त्यानं कोणी काढला ते विचारून यावं.

मयताचे, सापडलेल्या-न सापडलेल्या माणसाचे फोटो आणि नाव बिलकुल नको, घरच्यांना ग्रुपवरून कळू नये. ते पोलीस पाटलाला फोनवर सांगा.

आणि व्हिडिओसाठी रपट्यावर उभं राहू नका. वाहतं पाणी वीतभर असलं तरी माणसाचा पाय निसटतो, फूटभर पाण्यात लहान गाडी तरंगायला लागते, आणि खालचा रस्ता कापला गेला आहे हे गढूळ पाण्यात दिसत नाही. गच्चीवरून काढलेला धूसर फोटो चालते आम्हाला.

टॉवर गेला, लाइट गेली

जाणारच, ते धरूनच चाला. इशारा आला की त्याच दिवशी फोन, पॉवरबँक, टॉर्च भरून ठेवा. ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चार्ज करायची वायर कोणाकडे आहे ते विचारून ठेवा. ग्रुपमधे फोटो-व्हिडिओ आपोआप डाउनलोड होणं बंद करा, त्यानं डेटा अन् बॅटरी दोन्ही जाते. नेटवर्क एक काडी असलं की व्हॉट्सॲप फिरत राहते पण साधा एसएमएस निघून जाते, म्हणून आठ-दहा मुख्य लोकांचे नंबर वहीत कागदावर लिहून ठेवा. तेही गेलं तर मंदिराचा भोंगा, तोही नाही तर कोतवालाची दवंडी. रात्री एकदोन वाजता पाणी चढलं तर मेसेजवर राहू नका, झोपलेला माणूस मेसेज वाचत नाही, नदीकाठच्या घरांना फोन लावा, उचलला नाही तर जाऊन दार वाजवा, कोण कोणाचं दार वाजवणार हे दिवसाउजेडीच ठरवा.

हे नंबर ग्रुपवर पिन करा: पोलीस व तातडीची मदत ११२, ॲम्ब्युलन्स १०८, जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष १०७७, विजेसाठी १९१२. तुटलेली तार दिसली तर जागा लिहा आणि "तिकडं कोणी जाऊ नका" लिहा, वायरमनला वेगळा फोन करा.

पाणी उतरल्यावर

इथं ग्रुप थंडा पडते, पण खरं काम इथून सुरू होते. कोणता रस्ता चालू झाला, कोणत्या विहिरीत गढूळ पाणी गेलं, कोणाचं ढोर बांधलेलं राहून गेलं, हे सगळं येऊ द्या. वावराचे फोटो पिकावर पाणी असतानाच काढा, तारीख आणि जागा फोटोवर येईल असं ॲप वापरा, एक फोटो लांबून धुऱ्यासकट (बांधासकट) आणि एक जवळून, सोयाबीनच्या गंजीला कोंब फुटले असतील, कापसाची बोंडं काळी पडली असतील, धानाच्या लोंब्या उगवल्या असतील तर ते बोटानं धरून दाखवा. पंचनाम्याला तलाठी, कृषी सहायक, ग्रामसेवक कोणत्या दिवशी कोणत्या शिवारात येणार ते आदल्या दिवशी ग्रुपवर टाका म्हणजे माणूस वावरात हजर राहील. बाहेरगावी मजुरीला गेलेल्याचं वावर शेजाऱ्यानं दाखवावं, त्यासाठी गटनंबर मागवून ठेवा. पीक विम्याचे नियम दरसाल बदलतात, मागच्या वर्षीचा मेसेज धरून बसू नका, कृषी सहायकाला विचारून या हंगामाचं काय आहे ते लिहा.

सगळं झालं की ॲडमिननं एक शेवटचा मेसेज टाकावा, तारीख-वेळ घालून, की या पावसाचे अपडेट इथं बंद, याच्या वरचा कोणताही मेसेज आता फॉरवर्ड करू नका. आणि पट्टे पुसले गेले असतील तर ऊन पडल्याबरोबर नवीन मारून घ्या, डब्यात पेंट उरलाच असेल.