उदोन नूडल्स घरी करताना या चुका टाळा

उदोन, म्हणजे मैद्याच्या जाड जपानी नूडल्स, बहुतेक वेळा परातीतच बिघडतात. पोळीच्या सवयीने पीठ सैल भिजवलं जातं आणि मग नूडल्स लिबलिबीत होतात. ३०० ग्रॅम मैद्याला १५ ग्रॅम मीठ आणि १३५ मिली पाणी, एवढंच घ्या. मीठ पाण्यात पूर्ण विरघळवून ते दोन-तीन वेळा शिंपडत पीठ बोटांनी चोळा. सुरुवातीला पीठ इतकं भुसभुशीत दिसतं की गोळा होणारच नाही असं वाटतं. नेमकं इथेच पाणी वाढवलं जातं. तसं करू नका. पीठ दाबून जाड पिशवीत भरा, अर्धा तास मुरू द्या, मग पिशवीवरून टाचांनी तुडवा, घडी घाला, पुन्हा तुडवा. सानुकी या प्रसिद्ध उदोन-प्रकाराचं माहेर असलेल्या जपानमधल्या कागावात हीच रीत आहे, कारण एवढा घट्ट गोळा हातांना दाद देत नाही. त्यानंतर दोन तास झाकून ठेवा. न मुरलेला गोळा लाटताना सारखा आखडतो.

मीठ जास्त वाटलं तरी कमी करू नका. त्याने ग्लुटेन (पिठाला चिवटपणा देणारं प्रथिन) घट्ट होतं आणि बरंचसं मीठ उकळताना पाण्यात उतरतं. म्हणूनच उकळत्या पाण्यात वेगळं मीठ नको. गव्हाची कणीकही नको. कोंड्यामुळे पट्ट्या तुटतात.

पोळी ३ मिमी जाड लाटा, पट्ट्याही तेवढ्याच रुंद कापा. शिजल्यावर त्या फुगतात. पिठी म्हणून कॉर्नफ्लोअर वापरा.

उदोनच्या उगमाबाबतही एक चूक हमखास होते. कोबो दाइशी या भिक्षूने ९व्या शतकात चीनहून उदोन आणले, ही आख्यायिका आहे, पण ती इतिहास म्हणून सांगितली जाते. नावाची एक प्रचलित व्युत्पत्ती अशी: सारण भरलेल्या चिनी ‘हुन्दुन’चं जपानीत ‘कोन्तोन’, मग ‘उन्दोन’ आणि शेवटी ‘उदोन’.

शिजवताना पातेलं लहान घेऊ नका. एवढ्या नूडल्सना किमान ३ लिटर खळखळतं पाणी हवं, नाहीतर पेज होते. १०-१२ मिनिटांनी एक पट्टी आडवी कापून बघा; मध्ये पांढरा, पिठूळ ठिपका असेल तर अजून मिनिटभर थांबा. मग गार पाण्यात हातांनी चोळून धुवा. नुसतं निथळून भागत नाही, वरचा चिकट स्टार्च जायला हवा. गरम रश्शात वाढायच्या असतील तर धुतल्यावर पुन्हा अर्धा मिनिट उकळत्या पाण्यात बुडवा.