दाराला अ‍ॅक्च्युएटर लावताय? मग या चुका टाळा

पुण्याच्या तपकीर गल्लीतून अ‍ॅक्च्युएटर (मोटरने रॉड आत-बाहेर सरकवून दार उघडणारं-मिटणारं यंत्र), रिमोटचा रिसिव्हर आणि अडॅप्टर आणायचा, शनिवारी दुपारी दाराला ठोकायचा, संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ टाकायचा. रविवारी मला फोन. दार वेगळं, चूक तीच.

सगळ्यांची लाडकी चूक म्हणजे रॉड दाराला जोडणारं ब्रॅकेट बिजागरीला चिकटवणं. मुळाशी घाई असते. सर्रास मिळणारे १२ व्होल्टचे बरेच अ‍ॅक्च्युएटर सेकंदाला १० मिलिमीटरच्या आसपास सरकतात. २०० मिमीच्या स्ट्रोकला, म्हणजे रॉडच्या एकूण सरकण्याला, झाले २० सेकंद. पाहुण्यांसमोर रिमोट दाबून वीस सेकंद उभं राहायचं म्हणजे फार होतं बुवा. मग शोध लागतो की ब्रॅकेट बिजागरीकडे सरकवलं तर दार झटकन उघडतं. उघडतंही. पण हिशोब बघा. १५०० न्यूटनचा अ‍ॅक्च्युएटर आहे आणि बिजागरीपासून रॉडच्या रेषेपर्यंतचं काटकोनातलं अंतर १५ सेंमी आहे, तर ९० सेंमी रुंद दाराच्या कडेला २५० न्यूटन, म्हणजे साधारण २५ किलोचा जोर मिळतो. तेच अंतर २ सेंमी झालं की कडेला उरतात ३३ न्यूटन, साडेतीन किलोसुद्धा नाही. बाकीची ताकद बिजागरीचे स्क्रू उपटण्यात खर्च होते. वानवडीत एका फ्लश डोअरची वरची बिजागरी लाकडाच्या ढलपीसकट हातात आलेली मी पाहिली आहे. आणि दार बंद असताना रॉडची रेष बरोबर बिजागरीवरूनच जात असेल, तर १५०० काय, ५००० न्यूटनचा आणलात तरी ते हलणार नाही.

मी ड्रिल हातात घेण्याआधी पुठ्ठा घेतो. पुठ्ठ्याचं दार, एक टाचणी बिजागरीला, दोन टाचण्या ब्रॅकेटच्या जागी, एक दारावर आणि एक भिंतीच्या बाजूला. दार थोडं थोडं फिरवायचं आणि दर वेळी दोन ब्रॅकेटमधलं अंतर मोजून लिहायचं. सगळ्यात कमी आकडा अ‍ॅक्च्युएटरच्या मिटलेल्या लांबीपेक्षा मोठा हवा, आणि सगळ्यात मोठा आकडा मिटलेली लांबी अधिक स्ट्रोक एवढ्यात बसायला हवा. अर्धा तास लागतो. एवढा धीर नसेल त्याने साधी कडी लावावी, तीही चांगली असते.

दुसरी चूक मी स्वतः केली आहे, तीही आईच्या खोलीला. वॉकर धरून दार ओढणं तिला जमेना, म्हणून रिमोट बसवला. दार आत उघडणारं, अ‍ॅक्च्युएटर आतल्या बाजूला, कमरेच्या उंचीवर. मजबूत हवं म्हणून रॉड ब्रॅकेटला जोडायला पिनेऐवजी आठ मिलिमीटरचा बोल्ट आणि नायलॉक नट, म्हणजे पान्याशिवाय न सुटणारा. बॅटरी पुढच्या महिन्यात बसवू म्हटलं. गुरुवार म्हणजे काय, हे पुणेकराला सांगायला नको. सकाळीच वीज गेली आणि दार चार बोटं उघडून थांबलं. आतमध्ये स्क्रू असल्यामुळे हा प्राणी बंद पडला की जिथल्या तिथे घट्ट बसतो, बाहेरून कितीही ढकला. फटीतून १३ नंबरचे दोन पाने आत सरकवले.

"आई, एकाने बोल्ट धर आणि दुसरा डावीकडे फिरव."

"अरे, तुझ्या डावीकडे की माझ्या?"

पाऊण तास गेला. चहा फटीतून बशीत ओतून दिला. आता तिथे कडीवाली पिन आहे, दोन बोटांनी ओढली की दार मोकळं. शेजारी यूपीएसमध्ये असते तशी १२ व्होल्ट ७ अ‍ॅम्पिअर-तासाची बॅटरी, कायम चार्जरवर. चांगली असेल तर शंभराहून जास्त वेळा दार उघडेल. तरी आईने एक पाना उशाशी ठेवला आहे.

लिमिट स्विच म्हणजे सेफ्टी नव्हे. तो फक्त स्ट्रोकच्या दोन टोकांना मोटर थांबवतो. मध्ये बोट आलं तर त्याला पत्ताच नसतो. फ्यूजही वायरसाठी असतो, बोटासाठी नाही. करंट वाढला की मोटरची वीज तोडणारं सर्किट लावा, आणि मुळात गरजेपुरत्याच ताकदीचा अ‍ॅक्च्युएटर घ्या. मी फटीत काकडी धरून बघतो. काकडी चिरडली की काम परत पहिल्यापासून.

बेलची बारीक वायर वापरू नका. अर्ध्या स्क्वेअर मिमीची वायर १५ मीटर नेली, तर ४ अ‍ॅम्पिअरला जाता-येता चारेक व्होल्ट वायरीतच जातात. मग "मोटर कुचकामी निघाली" म्हणून दुकानदाराशी भांडण. दीड स्क्वेअर मिमी ओढा.

वाय-फायचा रिले, म्हणजे मोबाइलवरून चालणारा स्विच, असेल तर वीज परत आल्यावर तो कोणत्या स्थितीत उठतो ते सेटिंगमध्ये बघा. 'ऑन' असेल तर तुम्ही ऑफिसात असताना दार आपलं आपण उघडेल.

लाकडी दार मे महिन्यात मोजून बसवलं की जुलैत फुगून चौकटीत अडकतं, आणि अ‍ॅक्च्युएटर बिचारा ओढतच राहतो. आधी रंधा मारून तीन-चार मिलिमीटरची फट ठेवा. पोकळ दाराला ब्रॅकेट स्क्रूने नाही, आरपार बोल्टने, मागे पट्टी देऊन.

मुख्य दाराला ४३३ मेगाहर्ट्झचा स्वस्त, ठरावीक कोडचा रिमोट लावू नका. चावीवाल्याकडे जशी चावी, तशी त्याची नक्कल मिळते. कोड दर वेळी बदलणारा घ्या, नाहीतर तो रिमोट बाथरूमच्या दारासाठी ठेवा.