ओसरीवरची बैठक आणि हातातला मोबाईल : या चुका टाळा

सोयरे घरी आले की ओसरीवर सतरंजी पडते, पाण्याचा तांब्या पुढे येतो आणि बोलणे पऱ्हाटीवरून लेकीबाळींच्या खुशालीकडे वळते. हल्ली त्या तांब्याशेजारी चार मोबाईलही मांडले जातात, आणि पहिली चूक तिथेच होते.

फोन पालथा ठेवला म्हणजे झाले, असे पुष्कळांना वाटते. ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठाच्या, 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात सर्वांच्या फोनचे आवाज बंद होते. तरीही फोन समोर पालथा ठेवणाऱ्यांपेक्षा तो दुसऱ्या खोलीत ठेवणाऱ्यांनी एकाग्रतेच्या चाचण्या अधिक चांगल्या सोडवल्या. फोनकडे पाहायचे नाही, हे मनाला बजावण्यातही लक्ष खर्च होते, असे संशोधकांचे म्हणणे आहे. त्यामुळे फोन आतल्या खोलीतल्या कोनाड्यात ठेवणे हाच सोपा उपाय आहे.

दुसरी चूक मला सर्वांत गंभीर वाटते. "तुम्ही बोला भाऊ, मी ऐकतो आहे," असे म्हणत आपण व्हॉट्सॲप चाळत राहतो. ज्याला बोंडअळीने गेलेल्या कपाशीबद्दल किंवा थकलेल्या पीककर्जाबद्दल बोलायचे असते, तो आधीच अडखळत सुरुवात करतो. समोरच्याची नजर एकदा खाली गेली की "काही नाही, सहजच आलो होतो," असे म्हणून उठतो. आपल्या विदर्भात असे न बोलता उठून गेलेले माणूस फार काळजीचे असते. अशा वेळी बाकी सारे थांबू शकते.

यवतमाळ जिल्ह्यातील बान्सी गावाने 2022 मध्ये अठरा वर्षांखालील मुलांना मोबाईलबंदी करण्याचा ठराव केला. घरी असा नियम लावताना मोठ्यांनी स्वतःला वगळू नये, कारण जेवणाच्या ताटावर बाप काय करतो, हे मूल पाहत असते.

काही फोन मात्र घ्यावेच लागतात : ओलिताची लाईन आल्याचा, दवाखान्यातला, सालगड्याचा. 'डू नॉट डिस्टर्ब' चालू करून एवढेच नंबर मोकळे ठेवता येतात. असा फोन येणार असेल तर बसतानाच सांगावे, आल्यावर अंगणात जाऊन बोलावे, आणि परतल्यावर "तुम्ही विहिरीचे सांगत होता," असे म्हणून त्यांचे तुटलेले वाक्य आपणच त्यांच्या हाती द्यावे.