सांगलीत घरी मेल सर्व्हर बसवण्याआधीची तयारी

घरी मेल सर्व्हर, म्हणजे आपले ईमेल घेणारा आणि साठवणारा स्वतःचा संगणक, ठेवायचा असेल तर चौकशी आधी, खरेदी नंतर. रास्पबेरी पाय (छोटा, स्वस्त संगणक) किंवा जुना मिनी पीसी आणायला, त्यावर पोस्टफिक्स (मेलची ने-आण करणारा प्रोग्राम) आणि डोव्हकॉट (मेल साठवून वाचायला देणारा) चढवायला एक रविवार पुरतो. अडतं ते कनेक्शनपाशी, म्हणून सुरुवात तिथून. राउटरच्या सेटिंगमध्ये वॅन (बाहेरच्या इंटरनेटची बाजू) या शब्दासमोरचा आयपी पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात, म्हणजे एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटलेला आहे आणि बाहेरून कुणी थेट तुमच्या सर्व्हरपर्यंत पोचू शकत नाही. आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचा पत्ता) मिळतो म्हणून निर्धास्त राहू नका. अजून पुष्कळ मेल सर्व्हर फक्त जुन्या आयपीव्ही४ वरच बोलतात.

मग नेटवाल्यांना फोन. स्थिर, म्हणजे न बदलणारा, आयपी मिळेल का, २५ नंबरचं पोर्ट (सर्व्हर एकमेकांना मेल देतात ते दार) आत येताना आणि बाहेर जाताना दोन्हीकडून उघडं आहे का, आणि त्या आयपीचा रिव्हर्स डीएनएस (आयपीवरून नाव सांगणारी नोंद) तुमच्या डोमेनच्या (ईमेल पत्त्यात @ नंतर येणाऱ्या) नावाने लावून देतील का, हे तीन प्रश्न कागदावर लिहून ठेवा. व्हायरस लागलेल्या घरगुती संगणकांतून स्पॅम सुटू नये म्हणून पुष्कळ कंपन्या बाहेर जाणारं २५ बंद ठेवतात, आणि मला ते रास्त वाटतं. तोंडी उत्तरावर थांबू नका, घरून जीमेलच्या मेल सर्व्हरला २५ वर टेलनेट या साध्या आज्ञेने जोडणी करून बघा. रिव्हर्स डीएनएसचं गाडं सगळ्यात जास्त अडतं. दारावर पाटी आपण हवी ती लावू शकतो, पण सातबाऱ्यावरचं नाव तलाठ्याकडूनच बदलून घ्यावं लागतं. तसंच डोमेन तुमचं असलं तरी आयपीची नोंद आयपीच्या मालकाच्याच हातात असते.

या तिन्हींना हो मिळालं तरी घरून थेट मेल पाठवू नका, असं माझं ठाम मत आहे. स्पॅम रोखणाऱ्या स्पॅमहाउस संस्थेच्या पीबीएल यादीत घरगुती जोडण्यांचे पट्टेच्या पट्टे असतात आणि तिथून आलेला मेल अनेक सर्व्हर न वाचताच परत पाठवतात. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल प्रत्येक पाठवणाऱ्याकडून एसपीएफ (डोमेनच्या वतीने कोण मेल पाठवू शकतं याची नोंद) किंवा डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही), जुळणारा रिव्हर्स डीएनएस आणि टीएलएस (वाटेतलं एन्क्रिप्शन) मागतं. म्हणून एक छोटा व्हीपीएस, म्हणजे डेटा सेंटरमधला आभासी सर्व्हर, भाड्याने घ्या. पैसे भरण्याआधी तिथे २५ उघडं मिळतं का ते विचारा, आणि मिळालेला आयपी काळ्या यादीत नाही ना ते तपासा. घर आणि व्हीपीएस यांच्यात वायरगार्डचा (खासगी, एन्क्रिप्ट केलेला) बोगदा टाकला की सीजीनॅटही आड येत नाही, कारण जोडणी घरातून बाहेर जाते. मेल पाठवण्याचं आणि बाहेरून आलेला घेऊन घरी पोचवण्याचं काम व्हीपीएसचं, साठवण्याचं घराचं. वर्षानुवर्षांची पत्रं, पावत्या, मुलांचे फोटो आपल्या छताखाली राहावेत याचसाठी तर हा खटाटोप आहे.

डोमेनचं आपोआप नूतनीकरण चालू करा. रजिस्ट्रारच्या (डोमेन विकणाऱ्या कंपनीच्या) खात्याला दिलेला ईमेल त्याच डोमेनवरचा नको, नाहीतर डोमेन अडकलं की सोडवायची चावीही आतच राहते. डोमेनचा मेल कुठे पोचवायचा ते सांगणाऱ्या एमएक्स नोंदीत आयपी नाही, सर्व्हरचं नाव लिहायचं, आणि ते नाव सीनेम (दुसऱ्या नावाकडे बोट दाखवणारं टोपणनाव) नसावं. डीकेआयएमची २०४८ बिटांची किल्ली डीएनएस नोंदीच्या २५५ अक्षरांच्या एका तुकड्यात मावत नाही, तिचे दोन तुकडे करावे लागतात. डीमार्क (एसपीएफ-डीकेआयएममध्ये नापास झालेल्या मेलचं काय करायचं ते सांगणारी नोंद) आधी फक्त अहवाल मागवण्यापुरता ठेवा. टीएलएससाठी लागणारं लेट्स एन्क्रिप्टचं मोफत प्रमाणपत्र थोड्याच दिवसांचं असतं. ते बदलल्यावर पोस्टफिक्स आणि डोव्हकॉट नवीन फाइल वाचतात का, हे एकदा मुद्दाम करून बघा. आणि सर्व्हर ओपन रिले (कुणाचाही मेल पुढे पाठवणारा) नाही ना, हे बाहेरच्या नेटवरून तपासल्याखेरीज पुढे जाऊ नका.

आता वीज आणि पाणी, इथे सांगलीकराने जरा थांबायला हवं. वळवाच्या दिवसांत वीज जाते-येते. घरच्या इन्व्हर्टरवर दिवे-पंखे असतात, पण राउटर आणि फायबरचा डबा ज्या सॉकेटवर आहेत तो त्यावर आहे का? सर्व्हरला वेगळा यूपीएस द्या, मेमरी कार्डाऐवजी एसएसडी लावा, वीज आल्यावर मशीन आपोआप सुरू होईल असं ठेवा. डिस्क पूर्ण एन्क्रिप्ट केली असेल तर सुरू होताना पासवर्ड मागणारच. तेव्हा घरी कोण असेल, याचा विचार आधीच झालेला बरा.

थोडा वेळ सर्व्हर बंद राहिला तर मेल हरवत नाही. ईमेलच्या आरएफसी ५३२१ या मानकाप्रमाणे पाठवणाऱ्या सर्व्हरने निदान चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करावा असा संकेत आहे, आणि पोस्टफिक्स मुळात पाच दिवस धरून चालतं. पण ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं, जिथे धोक्याची पातळी ४५ फूट आहे. तसा पूर पाच दिवसांत आवरत नाही. म्हणून व्हीपीएसवरच्या पोस्टफिक्समध्ये रांगेची (न पोचलेले मेल धरून ठेवण्याची) मुदत वाढवून तीन-चार आठवडे करा, आणि तिथे तुमच्या खऱ्या पत्त्यांची यादी द्या, म्हणजे अस्तित्वात नसलेल्या नावांचे मेल दारातच नाकारले जातील. मशीन तळमजल्यावर ठेवू नका.

बॅकअप दुसऱ्या गावात हवा. साताऱ्याला बहीण-भाऊ, मित्र असेल तर त्यांच्याकडे एक डिस्क ठेवून रोज रात्री रेस्टिक या बॅकअप प्रोग्रामने एन्क्रिप्ट केलेली प्रत पाठवा. ती प्रत दुसऱ्या मशीनवर उतरवून दोन-चार जुने मेल उघडून पाहा. रेस्टिकचा पासवर्ड घरातल्या आणखी एका माणसाकडे कागदावर असू द्या. पहिले काही महिने या पत्त्यावर फक्त मित्रमंडळींचे मेल घ्या. बँक, आयकर, विमा यांच्याकडचा पत्ता एक अख्खा पावसाळा पार पडल्यावर बदला.